दोन चांगल्या गोष्टी, एक सुधारणा

फॉर्मवर तीन चौकोन होते. पहिले दोन ऐसपैस: चांगलं काय वाटलं ते लिहा. तिसरा जेमतेम दोन ओळींचा: काय सुधारता येईल.

लितियाच्या घरात आढ्याला एक अर्धवट विणलेली चटई गुंडाळून बांधलेली आहे. तीन वर्षं झाली. ती कुणी सोडत नाही, फेकतही नाही.

फिजीत आतेभाऊ-मामेभाऊ एकमेकांना मेव्हणा म्हणतात आणि तोंडाला येईल ते बोलतात. एकाने दुसऱ्याला डुक्कर म्हणावं, दुसऱ्याने त्याच्या टकलाचा उद्धार करावा. ज्याला राग येईल तो हरला.

दवाखान्यातला रेडिओ तापायला चार मिनिटं लागतात. मग राजधानीला, सुवाला निरोप जातो, मग रुग्णाला न्यायला बोट निघते.

अकुइला फॉर्म पुढ्यात घेऊन बसला होता. वय एक्कावन्न, बेटावरच्या दवाखान्यात नर्स म्हणून बावीस वर्षं. सरकारने सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी सुवाला बोलावलं होतं, आणि वर्गात त्याच्याहून म्हातारा फक्त पंखा होता. प्रत्येकाने आपल्या दवाखान्यातल्या एका मृत्यूचं विश्लेषण लिहायचं, दुसऱ्याने ते वाचून अभिप्राय द्यायचा. बाकावर शेजारी बसलेल्यांच्या जोड्या लावल्या होत्या. अकुइलाकडे आला नेमानीचा निबंध. नेमानी त्याच्याच दवाखान्यातला धाकटा नर्स आणि त्याच्या सख्ख्या मामाचा मुलगा.

निबंध लितियाच्या बाळाबद्दल होता. नाव अर्थातच नव्हतं. ‘एक सव्वीस वर्षांची स्त्री’ असं होतं. मांडणी नेटकी, अक्षर मोत्यासारखं. निष्कर्ष एका ओळीचा: घरच्यांनी रुग्णाला आणायला उशीर केला.

गावही तेच म्हणत होतं. नणंदेच्या लग्नाच्या चटईची किनार संपवायची म्हणून लितिया कळा सोसत बसून राहिली आणि बाळ गमावलं, असं सासू दर रविवारी चर्चमधून परतताना कुणाला तरी सांगायची. लितियाने त्यानंतर चटईला हात लावला नव्हता.

त्या दिवशी अकुइला लशींची पेटी घेऊन पलीकडच्या गावाला गेला होता. दवाखान्यात मदतीला येणाऱ्या म्हाताऱ्या सेराने लितियाला आत घेतलं, रजिस्टरात वेळ टाकली आणि नेमानीला बोलवायला माणूस धाडला. एकदा, मग पुन्हा एकदा. नेमानी सभागृहात यंगोनाच्या, त्या गुंगी आणणाऱ्या मुळीच्या पेयाच्या, पेल्याभोवती बसला होता. एवढी फेरी संपवून येतो, म्हणाला. आला तेव्हा पाच वाजले होते. रेडिओ त्यानंतर तापला. संध्याकाळी परतलेल्या अकुइलाने रजिस्टर पाहिलं, रेडिओची वही पाहिली, दोन्ही मिटून जागेवर ठेवल्या. नेमानी मामाच्या घरचा. विचारलं कुणीच नाही, मग सांगायचं कुणाला?

आता विचारलं होतं. छापील अक्षरांत, चौकोन आखून.

ब्रिस्बेनहून आलेल्या शिक्षिका, मिस हॅनिगन, पुन्हा पुन्हा सांगत होत्या की माणसावर बोलू नका, लिखाणावर बोला. दोष काढू नका, वाट दाखवा. अकुइलाने दोन रात्री कच्चे कागद फाडले. शेवटी पहिल्या चौकोनात लिहिलं, मांडणी स्वच्छ आहे. दुसऱ्यात, भाषा सोपी आहे. तिसऱ्यात अक्षर बारीक करून लिहिलं: ‘रुग्ण किती वाजता पोचली आणि रेडिओवर निरोप किती वाजता गेला, या दोन्ही वेळा द्याव्यात. मग निष्कर्ष टिकतो का, ते वाचणाऱ्याला कळेल.’

एवढं सौम्य, एवढं नेमकं त्याने जन्मात काही लिहिलं नव्हतं.

आपल्याला मिळालेला अभिप्राय ज्याचा त्याने मोठ्याने वाचायचा होता. नेमानी उठला तेव्हाच वर्गाच्या ओठांवर हसू आलं. मेव्हण्याने मेव्हण्याला लिहिलेलं म्हणजे मजा असणार. पहिले दोन चौकोन त्याने मान तुकवत वाचले. तिसऱ्याच्या मध्यावर त्याचा आवाज क्षणभर अडखळला. ते फक्त अकुइलाने ऐकलं. मग नेमानीने कागद खाली घेतला.

“वेळ विचारतोय कोण बघा,” तो म्हणाला. “ह्याचं घड्याळ नारळाच्या सावलीवर चालतं. ढग आले की हा नाश्ता दोनदा करतो.”

वर्गात हशा फुटला. लाबासाहून आलेला एक जण बाक बडवायला लागला.

“मी चेष्टा करत नाहीये,” अकुइला म्हणाला.

त्यावर तर हशा थांबेचना. चेहरा न हलवता मेव्हण्याची खेचणं ही वरची कला. मिस हॅनिगनही हसल्या. अभिप्राय इतक्या खेळीमेळीने घेतला जातो हे पाहून त्यांना फार बरं वाटलं.

बाहेर व्हरांड्यात नेमानी एकटाच उभा होता. हसत नव्हता.

“वेळा टाकशील?” अकुइलाने विचारलं.

“मेव्हण्या, मला दोन पोरं आहेत.”

“तिलाही एक होतं.”

नेमानीने रेलिंगवरचा रंग नखाने खरवडला. “रजिस्टर माझ्याकडेच आहे,” तो म्हणाला. “निबंधासाठी आणलं होतं. ते आता परत यायचं नाही.”

निबंधाला वर्गात सर्वांत जास्त गुण पडले. इतका सोपा आहे, म्हणून त्याच्या प्रती काढून बेटाबेटांवरच्या दवाखान्यांत पाठवायचं ठरलं. मथळा नवा दिला: ‘वेळेत या’.

अकुइला बेटावर परतला तर त्याच्या आधी त्याचं घड्याळ पोचलं होतं. धक्क्यावर दोरी पकडणाऱ्यानेच विचारलं, काय काका, सावली काय म्हणते? चर्चमध्ये, दुकानात, विहिरीवर तेच.

मंगळवारी बायकांची सभा असते. सगळ्या पानांच्या चटया विणत बसतात, अकुइला आरोग्याचं काहीतरी वाचून दाखवतो. त्या मंगळवारी सुवाहून आलेला ‘वेळेत या’चा कागद वाचायचा होता. लितिया मागे दाराशी बसली होती, मोकळे हात मांडीवर ठेवून. त्याने शेवटची ओळ वाचली, आणि कागदावरून नजर न उचलता म्हणाला, “हे खरं नाही. ती वेळेत आली होती. लितिया दुपारीच आली होती.”

क्षणभर पानांची सळसळ थांबली.

“झालं,” सासू म्हणाली, “घड्याळ वाजलं.”

बायका डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. म्हातारी सेराही हसली. तिला आताशा काही आठवत नसे. सगळ्यांत शेवटी, वाईट दिसायला नको म्हणून, लितिया हसली.

सभा संपल्यावर त्याने कागद भिंतीला लावला. चार टाचण्या, चार कोपरे. वरचा डावा कोपरा वाकडा गेला, तो काढून त्याने पुन्हा सरळ लावला.

लितिया दोन वाजून दहा मिनिटांनी आली होती. चालत.