बहात्तर सेकंदांचं मिनिट

मी स्टॉपवॉच बोलतोय. चुकीची वेळ दाखवूनही ज्याला कुणी कधी नावं ठेवली नाहीत, असा जिल्ह्यात बहुधा मी एकटाच.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवतं ते धाड गावाजवळच्या एका शाळेचं कपाट. तिथून मला इंद्रभान सरांनी बाहेर काढलं. सर व्यायाम शिकवायचे. कबड्डीच्या गावात त्यांनी बास्केटबॉलचे दोन खांब रोवले, तेव्हा लोकांनी विचारलं, यावर वेल कोणता चढवणार, दोडक्याचा की कारल्याचा? सरांनी मुलींच्या हातात चेंडू दिला आणि मला गळ्यात घातलं.

तीन वर्षांपूर्वी सर गेले. मी त्यांच्या शर्टाशेजारी खुंटीवर लटकत राहिलो. महिन्याभराने शाळेने मला परत मागितलं. रजिस्टरमध्ये माझी नोंद होती. सरांच्या पत्नी सिंधूताई दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "घड्याळ पायजे असन तं संगं मी बी येईन."

तेव्हापासून सामन्यात वेळ बघायचं काम त्यांच्याकडे आलं.

आमच्या संघाची समता म्हणजे अजब काम. सामन्याचा बहुतेक वेळ तिचा चेंडू बाभळीला लागायचा, पंचांना लागायचा, एकदा तर मुख्याध्यापकांच्या डब्यावर बसला. पण शेवटचं मिनिट लागलं की हीच मुलगी एकामागून एक बास्केट करायची आणि सामना ओढून आणायची.

गावात श्रेयासाठी भांडण. समताची आई कलाबाई म्हणायची, हे माझ्या ठेच्याचं काम आहे, तिखट उशिरा चढते. प्रशिक्षक गजेंद्र सर म्हणायचे, मी शेवटच्या मिनिटाला डोळे मिटतो म्हणून होतं. त्यामुळे त्यांनी आपल्या संघाचा एकही विजय पाहिलेला नव्हता.

मी गालात हसायचो. खरं कारण मी होतो.

शेवटच्या मिनिटाला सिंधूताई माझ्याकडे बघायच्याच नाहीत. त्या समताकडे बघायच्या आणि मला मुठीत आवळायच्या. माझं बटण दाबलं जायचं, मी थांबायचो. समताचा नेम चुकला की मूठ पुन्हा आवळायची, मी पुन्हा चालू. असं करत आमचं मिनिट बहात्तर सेकंदांचं व्हायचं. सिंधूताईंना याचा पत्ता नव्हता. मी मात्र मनात स्वतःचा सत्कार करून घेत होतो.

मग यंदा बुलढाण्यात जिल्ह्याची अंतिम फेरी आली. जिंकलं तर विभागीय सामन्यांना अमरावती. समता दहावीत, पुढे गावात ना कॉलेज, ना संघ. हरलो असतो तर तिचा खेळ त्याच दुपारी संपला असता.

मैदानावर लाल आकड्यांचा विजेचा फलक होता. पंचांनी सिंधूताईंना नम्रपणे प्रेक्षकांत बसवलं. समताने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. माझाही उतरला असावा, पण माझ्या चेहऱ्यावर काटेच असल्याने कळत नाही.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. सिंधूताईंनी मूठ आवळली. मी इमानेइतबारे थांबलो. फलक थांबला नाही. चार, तीन, दोन. समता उडाली, समोरच्या मुलीचा धक्का बसला, शिट्टी झाली, चेंडू बाहेर, आणि त्याच क्षणी फलकावर शून्य.

पंचांनी दोन फ्री थ्रो दिले. वेळ संपलेली. बाकीच्या मुली बाजूला झाल्या. समता रेषेवर एकटी.

तिने चेंडू दोनदा आपटला. पहिला सरळ आत. बरोबरी. दुसरा कड्यावर बसला, एक फेरी मारली, जरा थांबला, जणू पत्ता विचारतोय, आणि आत पडला.

गजेंद्र सरांनी डोळे उघडून विचारलं, काय झालं?

गर्दी ओसरल्यावर सिंधूताईंनी मूठ उघडली. माझा काटा काही सेकंद शिल्लक ठेवून थांबलेला. बटण आपल्याच मुठीने दाबलं गेलंय, हे त्यांनी पाहिलं. मग समताला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, मी इतके दिवस तुले जास्तीचा टाइम देऊन राह्यली होती वं. मले कळलंच नाही."

"मले मालूम होतं मावशी," समता म्हणाली. "म्हणून तं मी आधी आरामात खेळत होती."

"मंग आज कसं जमलं?"

"आज तं टाइमच सरला होता. घाई कायले करू?"

सिंधूताई हसल्या. तीन वर्षांत इतकं मोठं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग पदराने माझी काचही पुसली.

हल्ली मी त्यांच्या ओट्यावर असतो. अंडी उकडायला सात मिनिटं लावतात. आणि त्या सात मिनिटांत माझ्याकडे बघतात. काटा बरोबर चालतो. एवढीच विनंती, त्या विजयाचं श्रेय कुणी मला देऊ नका. अंडी मात्र छान होतात, ते माझं काम.