दुसऱ्या लॉरीचा थेंब

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबीला हातभर, रुंदीला करंगळीहून कमी, आणि डोक्याला एक पिवळे कडे. लॉरीच्या इंजिनात ऑइल किती उरले आहे, कसे आहे, हे बघायला मला बाहेर ओढतात. माझ्या अंगावर दोन खुणा आहेत. ऑइल त्या दोघींच्या मधे असले की बरे. एवढेच माझे शिक्षण. पण तेवढ्या शिक्षणावर मी अकरा वर्षे खरे बोलले.

माझ्या जन्मात सांगण्यासारखे काही नाही. कारखान्यात आम्ही शेकडो बहिणी एकाच दिवशी निघालो. माझे खरे आयुष्य सुरू झाले तिरुचेंगोडला, जिथे दर दुसऱ्या दारात बोअर पाडायची लॉरी उभी असते. पूंगोडीअक्कांच्या दारातली लॉरी ती माझी. अक्कांचा नवरा दूर आफ्रिकेत दुसऱ्याच्या यंत्रावर कामाला. बोअर पाडायची घरची ही एकुलती एक लॉरी अक्का चालवीत, म्हणजे घरी बसून चालवीत. कुठे जायचे, कधी थांबायचे, ऑइल कधी बदलायचे, सारे त्या ठरवीत. रस्त्यावर तिला हाकायचे चेल्लमुत्तुअण्णा. पिकलेल्या मिशा, कपाळावर भस्म, गुडघ्यावर दुमडलेली लुंगी. अक्का त्यांना वडिलांसारखे मानीत, आणि ते अक्कांना लेकीसारखे 'अम्मणी' म्हणत.

लॉरीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिले होते, इतके हजार किलोमीटर झाले की सर्व्हिसिंग करा. शेजारच्या बोअरच्या लॉरीवरचे रासप्पा त्याप्रमाणेच चालत, आणि अण्णांची थट्टा करत.

"काय चेल्लमुत्तु, दर महिन्याला लॉरीला न्हाऊ घालतोस? बघायला येणारेत काय तिला?"

"तुझा काटा रस्ता मोजतो रे," अण्णा म्हणत. "आमची लॉरी उभ्यानं धावते."

अगदी खरे होते ते. बोअरच्या जागी लॉरी चार पायांवर उचलून धरतात, आणि दहा-दहा तास तिचे इंजिन जागच्या जागी यंत्र फिरवत राहते. किलोमीटरचा काटा तसूभरही हलत नाही. इंजिन मात्र मद्रासला जाऊन परत आल्यासारखे दमलेले असते.

म्हणून अण्णांनी आपली एक रीत काढली होती. केबिनमध्ये रोज एक पान फाडायचे कॅलेंडर असे, राहुकाळ छापलेले. सकाळी ते कालचे पान फाडत, मला बाहेर ओढत आणि माझ्या टोकावरचा एक थेंब त्या पानावर सोडत. डिझेल इंजिनातले ऑइल दोन दिवसांत काळे पडते, त्याचे काही नाही. बघायचे ते असे, की थेंब कागदावर पसरून सावलीसारखी कडा सोडतो का. सोडत असेल तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. थेंब मधोमध डांबरासारखा गोळा होऊन बसला, की त्या दिवशी यंत्र बंद आणि ऑइल बदली. पानाचा फोटो रोज अक्कांना जाई. त्यावरून त्या हो किंवा नाही म्हणत.

माझी कीर्ती वाढली. लांबलांबचे मेकॅनिक ती पाने बघून जात. आयुधपूजेला अक्का माझ्या पिवळ्या कड्यालाही चंदनाचे बोट लावीत. आणि अण्णा मला पुसत ते स्वतःच्या जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, मऊ फडक्याने, वरून खाली, एकाच दिशेने. आईने पोराचे नाक पुसावे तसे. मित्रांनो, त्या फडक्याचा मला फार अभिमान होता.

मग तो उन्हाळा आला. आम्ही अनंतपूरकडे गेलो होतो आणि शेजारच्याच गावात रासप्पांची लॉरी होती. तिकडे पाणी लागले की अख्खे गाव धावते, नारळ फुटतो, गळ्यात हार पडतो, आणि पुढच्या गावचे बोलावणे त्याच हारामागून येते. रासप्पांचे अकरा बोअर झाले होते, अण्णांचे नऊ. ऑइल बदलायचे म्हणजे एक अख्खा दिवस जाणार.

त्या सकाळी अण्णांनी मला बाहेर काढले. पानावर थेंब सोडला. थेंब जागीच बसला, डांबरासारखा. अण्णांनी तो नीट पाहिला. मग त्यांनी पान चुरगळून खिशात घातले, मला न पुसताच परत खुपसले, आणि पाइप वाहणाऱ्या आमच्या दुसऱ्या लॉरीकडे गेले. ती फक्त सामान नेई-आणी. तिचे ऑइल मजेत होते. तिची पट्टी काढून त्यांनी दुसऱ्या एका पानावर थेंब सोडला. छान पसरला तो, मोराच्या पिसातल्या डोळ्यासारखा. त्याचाच फोटो त्यांनी अक्कांना पाठवला.

अक्कांचा फोन आला तेव्हा अण्णा माझ्या शेजारीच उभे होते.

"अण्णा, आज थेंब बरा दिसतोय की! काल तर कडा बुजत चालली होती."

"काल फोटो सावलीत काढला होता, अम्मणी. आज उन्हात धरलाय."

"मग चालू दे म्हणता?"

"चालू दे."

"तुम्ही म्हणता ना, मग झालं. जेवून घ्या वेळेवर. नुसत्या चहावर राहू नका."

अण्णांनी मला पाहिलेच नसते, तर मी समजून घेतले असते. विसरतात माणसे. पण त्यांनी मला पाहिले, माझे ऐकले, आणि माझ्या नावावर दुसरीचे बोलणे खपवले. असे नऊ दिवस चालले. त्या नऊ दिवसांत त्यांना तीन हार मिळाले. मी आत होते, आणि ऑइलची खीर होताना अंगभर सोसत होते.

दहाव्या दिवशी इंजिन किंचाळले आणि थांबले. पाइप तीनशे फूट खाली जमिनीत. रासप्पांनी हातचे काम सोडून आपली लॉरी आणली आणि आमचे पाइप उपसायला घेतले. एक टोमणासुद्धा मारला नाही त्यांनी. मारला असता तर अण्णांना बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अक्का बसमधून उतरल्या. त्यांनी स्वतः मला ओढून काढले, पहिल्यांदाच. पर्समधून पान काढले, थेंब सोडला. शेजारी फोनवरचा फोटो धरला.

"हा थेंब कुणाचा, अण्णा?"

"...पाइपच्या लॉरीचा."

"किती दिवस?"

"नऊ. अम्मणी, हा रासप्पा पुढं निघाला होता, म्हणून..."

"रासप्पा तिकडं आपले पाइप उपसतोय. बघा, अजून पुढंच आहे तो." अक्कांचा आवाज चढला नाही. "अण्णा, काळं झालंय एवढंच सांगायचं होतं. कदाचित मीसुद्धा म्हणाले असते, होऊ दे अजून एक बोअर. हाव मलाही आहे. लॉरी बुडाली असती, पण मी बुडवली असती. ठरवणं माझं होतं हो. तेवढं एकच काम मी घरी बसून करत होते."

अण्णांनी खांद्यावरचे फडके तोंडाला लावले. तेच, मला पुसायचे.

अख्खा हंगाम लॉरी दारात उभी राहिली. नंतर दुसरे इंजिन आले आणि आपली पट्टी घेऊन आले. माझे माप त्याला लागू पडेना. अक्कांनी मला शेडमध्ये कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगले. अण्णांना त्यांनी काढले नाही. "काढलं तर सुटतील," असे त्या शेजारणीला म्हणाल्या. आता फोटोत पान, पट्टी आणि लॉरीची नंबरपाटी तिन्ही एकत्र लागतात. जिथे पूर्वी एक शब्द पुरे, तिथे आता तीन साक्षीदार.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणीतरी असेल, रोज तेच ते खरे सांगणारे. त्याला वेळच्या वेळी विचारा. आणि त्याने सांगितलेले आवडले नाही, तर त्याला रागवा, फेकून द्या, पण त्याच्या तोंडी दुसरे बोलणे घालू नका. फेकलेले एक वेळ सोसते.

परवा अण्णा शेडमध्ये आले. आजूबाजूला कुणी नाही असे पाहून त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि खांद्यावरच्या फडक्याने पुसले, वरून खाली, एकाच दिशेने. माझ्यावर पुसण्यासारखे काहीच नव्हते. ऑइलचा थेंब अंगाला लागून वर्ष झाले. मग जुन्या सवयीने मला उजेडात धरून ते वाचू लागले.

माझ्या दोन्ही खुणा कोरड्या होत्या.