ढिल्या तारा आणि भगवानरावची म्हैस

जानेफळात आमच्या गल्लीत भगवानरावची म्हैस सकाळी चरवीभर दूध द्यायची आणि संध्याकाळी पाहावं तर कास रिकामी. भगवानरावनं आधी चाऱ्यावर संशय घेतला, मग बायकोवर, मग माझ्यावर. मी दिवसभर समोरच्या ओट्यावर बसणारा म्हातारा, तेव्हा माझ्यावर येणं रास्तच होतं. शेवटी त्याची नजर गोठ्याला लागून असलेल्या भिंतीपलीकडं गेली. तिथं खुर्शीदाबाईचा फहीम दुपारभर गिटार वाजवत बसायचा.

"खुर्शीदाबाई, तुमच्या इथं दुपारी लय घट्ट चहा होते म्हणते. दूध कुठून येते?"

"पाकिटाचं येते, भगवानभाऊ! अन् माहा पोरगा चोर निघाला, तर त्याची गिटार मी सोताच चुलीत घालीन. बोला!"

फहीमचा चेहरा उतरला. उन्हातान्हात सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापायच्या मजुरीतून त्यानं ती गिटार घेतली होती. आणि खुर्शीदाबाई बोलली की करते.

मला मात्र गल्लीतल्या मांजरांचा संशय होता. दुपारी ती गोठ्यातून मिशा चाटत निघायची आणि चालताना त्यांची पोटं जमिनीला घासायची. पण माझं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी भगवानरावनं फहीमला, खुर्शीदाबाईसमोर आणि माझ्यासमोर, गोठ्यातच बसवलं. "दूध हातानं जाते का गिटारीनं, पाहू. हात दिसले पाह्यजे मले. वाजव."

म्हशीसमोर तिचं मेलेलं पारडू उभं होतं, म्हणजे नुसतं कातडं, आत कुटार, सुका भुसा भरलेलं. ते चाटल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. फहीमनं वाजवलं. म्हैस रवंथ करत राहिली.

"पाह्यलं? गिटारीनं काही होत नाही. म्हणजे हातानंच काढते हा," भगवानराव म्हणाला. खुर्शीदाबाईनं पदर खोचला आणि गिटारीकडं हात केला.

"थांब अम्मी! मी रोज अशी वाजवत नाही." फहीमनं घाईनं दोन खुंट्या पिळल्या. वरची सगळ्यात जाडी तार ढिली केली, खालची सगळ्यात बारीक तीही ढिली. मधल्या चारांना हात लावला नाही. "काका, असं केलं का आवाज खोल जाते. मले असंच आवडते."

त्यानं सगळ्या तारा एकदम छेडल्या. जाडी तार हंबरली, बारीक तार वर रेंगाळली. भुकेलं पारडू असंच रडतं. म्हशीनं कान टवकारले, कातड्याकडं पाठ फिरवली आणि गिटारीचं लाकूड चाटायला लागली. चारही सडांतून धारा आपोआप सुटल्या. आडोशाची मांजरं धावली, मी चरवी सरकवेपर्यंत माझं धोतर भिजलं.

खुर्शीदाबाईनं हात मागं घेतला. भगवानराव मात्र गिटारीच्या भोकाकडं टक लावून पाहत होता.

"फहीम, खरं सांग बे. हिच्या आत पारडाचं काही भरलं त नाही ना? कातडं, कुटार?"

"काऊन भरू काका?"

"मले पाहू दे. निघालं त तू मुद्दाम केलं, गिटार चुलीत."

भगवानरावचा हात जाडा, भोकात जाईना. म्हणून मी माझा वाळका हात घातला. सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. आत, अगदी कोपऱ्यात, बोटाला एक काडी लागली. कुटाराची. गोठ्याच्या भिंतीशी बसणाऱ्याच्या गिटारीत वाऱ्यानं उडून पडली असेल. असेलच.

"काही नाही, भगवानराव. नुसती हवा."

आता फहीम रोज धारेच्या वेळी गोठ्यात बसतो. काडी माझ्या बंडीच्या खिशात आहे. संध्याकाळ झाली की खिसा दुधानं ओला होतो आणि मांजरं माझ्या मागं मागं येतात.