धूमकेतूवर न गेलेला तापमापक

मी एक जुना तापमापक आहे. ताप आला की काखेत धरतात, तो नव्हे. मी वस्तूला शिवत नाही. लांबून नुसतं पाहतो आणि ती किती तापली आहे ते सांगतो. मी आणि माझा जुळा भाऊ तळेगावात, घोरावाडी स्टेशनजवळच्या एका लहान कारखान्यात एकाच आठवड्यात जन्मलो. एकाने यानात बसून धूमकेतूकडे जायचं आणि दुसऱ्याने राखीव म्हणून कपाटात बसायचं, असं ठरलं होतं. मी दुसरा.

मित्रांनो, धूमकेतू म्हणजे बर्फाचा गोळा, असं तुम्ही वाचलं असेल. आम्हांला घडवणाऱ्या चंद्रिका मॅडमना ते अर्धंच पटत होतं. त्या लोणावळ्याच्या. त्यांचं म्हणणं, बर्फ आत आहे. वर काळ्या, कोरड्या धुळीचा थर आहे आणि तो उन्हात चांगला तापतो. एवढं एक वाक्य सिद्ध करायला त्यांनी अकरा वर्षं घातली. तेवढ्या काळात लोणावळ्यात चिक्कीची कितीतरी दुकानं वाढली, आणि ती सगळी मूळ दुकानं आहेत.

आमच्यावर शेवटचा ब्रश फिरवून झाकण लावायच्या त्या मळवलीच्या शकुबाई. त्यांचा हात कधी कापत नसे. कागदावर त्यांचा हुद्दा 'सफाई' होता, कारण न कापणाऱ्या हातासाठी कागदावर रकाना नव्हता. आमच्या खोलीत धुळीचा कणही चालत नसे. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हाताला मोजे. उघडे फक्त डोळे. नियम करणाऱ्यांनी शकुबाईंचं सगळं झाकलं, आणि काजळ नेमकं डोळ्यांत होतं.

सगळ्या चाचण्या झाल्यावर, भावाला पेटीत भरायच्या दिवशी, शकुबाईंनी डोळ्याच्या कडेला बोट लावलं आणि भावाच्या पाहायच्या नळीत, भिंगाच्या अलीकडे, एक तीट लावली. लांब जाणाऱ्या लेकराला लावतात तशी. मी शेजारच्या पेटीतून पाहत होतो. मला नाही लावली. घरी राहणाऱ्याला कुणाची दृष्ट लागणार? नळी आतून काळीच होती. तपासणी अधिकारी गंगाधरराव आले, त्यांनी काळ्यावरचं काळं पाहिलं आणि सही केली : 'आत परकं काही नाही.'

पुढे यान वर गेलं. वर हवा नसते. त्या काजळातलं एरंडेल तिथे हळूहळू उडालं आणि भिंगावर सायीसारखं बसलं. भावाला सगळं जग गार दिसू लागलं.

यान धूमकेतूजवळून चाळीस मिनिटांत निघून गेलं. तो धूमकेतू पुन्हा यायला आता तीनशे वर्षं आहेत. मॅडमच्या गणिताने उन्हातला धुळीचा थर शून्य अंशाच्या आसपास असायला हवा होता; उघडा बर्फ असता तर त्याहून पुष्कळ गार. यानावरच्या दुसऱ्या एका उपकरणाचा ढोबळ अंदाजही तोच. माझा भाऊ म्हणाला, उणे तीस.

चूक कशाने झाली हे कळलं असतं, तर तीच चूक माझ्यात मुद्दाम करून तिचं माप काढता आलं असतं आणि भावाचा आकडा दुरुस्त झाला असता. कारण सापडलं नाही तर आकडा टाकून द्यायचा, अशी रीत आहे. म्हणून मला हवा काढलेल्या टाकीत बसवून बारा दिवस तपासलं. मी दर वेळी बरोबर उत्तर दिलं. आयुष्यात एवढी शाबासकी मला कधी मिळाली नव्हती. प्रत्येक शाबासकीसरशी मॅडमचा चेहरा उतरत गेला.

तेराव्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. कुणी काही वेगळं केलं होतं का, असं एकेकाला विचारलं. सगळ्यांनी आपापल्या सह्या दाखवल्या. शकुबाई दाराशी फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्या बोलल्या.

"मॅडम, म्या त्याला तीट लावली व्हती."

मॅडम उठल्या. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी शकुबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "तरी लागलीच ना दृष्ट, मावशी. तुमची तीट बिचारी काय करणार?"

"तसं न्हाई वो—"

"शकुबाई," गंगाधरराव म्हणाले, "इथे विज्ञानाचं काम चाललंय."

शकुबाई फडक्याने दार पुसू लागल्या. मी टाकीत होतो. मला तापमान सांगता येतं, दुसरं काही नाही.

अहवालात 'कारण अज्ञात' असं लिहिलं गेलं. मॅडमनी आपला निबंध मागे घेतला. आता त्या धूमकेतूंवर काम करत नाहीत. तापमानांच्या तक्त्यात त्या धूमकेतूच्या नावापुढे एक आडवी रेघ आहे. मला तुमच्या लोणावळ्याच्या शाळेला भेट दिलं. गॅदरिंगला वड्यांचं तेल किती तापलंय ते माझ्याकडून पाहून घेतलं होतं, तेवढीच माझी संशोधनातली कामगिरी.

मित्रांनो, उपकरणं पुसून ठेवा, त्यांना ओल लागू देऊ नका, असं मी सांगायला हवं. लोणावळ्यात ते तुमच्या हातात नाही. तेव्हा एवढंच करा. कुणी येऊन म्हणालं, "मी तीट लावली," तर खांद्यावर हात नंतर ठेवा. आधी विचारा, "कुठं?"