जळालेलं कुरण

मिसेस हॅच चित्रापासून तीन पावलं मागे सरकल्या, मान तिरकी केली आणि रुमाल नाकाशी नेला. जणू रंगवलेल्या धुराचाही वास येतो.

“काळं! सात फूट नुसतं काळं! हे कोर्ट आहे, मास्तर, स्मशान नाही.”

“वसंतातलं कॅन्ससचं कुरण आहे,” एमेट वार्नहोल्ट म्हणाले. “नवं गवत फुटावं म्हणून जाळतात, तेव्हा असंच दिसतं. तळाशी हिरवी रेघ आहे, बघा.”

एकतीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या कॉलेजात चित्रकला शिकवली. इथल्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्यांच्या टेकड्या टांगलेल्या, सगळ्या लग्नात आहेर म्हणून दिलेल्या. सार्वजनिक इमारतीच्या भिंतीवर मात्र एकही नाही. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. आज कोर्टाच्या दालनात हे चित्र लागलं तर लागलं, नाहीतर पुन्हा त्यांच्या गोठ्यात.

चित्र निवडणारी समिती तिघांची. मिसेस हॅच यांचा नकार झालाच होता. ऑर्विल स्टँगने हात वर केला.

“माझा होकार.”

संपलंच म्हणायचं. कारण तिसरा डेल प्रुइट, आणि ऑर्विल हो म्हणाला की डेल नाही म्हणणार, हा नऊ वर्षांचा नेम. तेव्हा ऑर्विलने आपलं कुरण पेटवलं, आग डेलच्या हद्दीत शिरली, अर्धा मैल कुंपण जळालं. तेव्हापासून दोघांतल्या शब्दांची बेरीज शून्य.

डेल चित्राला नाक लावून उभा राहिला.

“मास्तर, चुकलात. अर्धा धूर उत्तरेला, अर्धा पूर्वेला. एका दुपारी दोन वारे? पोरांना हेच शिकवलंत?”

“पोरांना चित्रामागे वारा लिहायला शिकवलं. न लिहिणाऱ्याला शून्य.”

डेलने चित्र भिंतीपासून पुढे ओढलं, मागे डोकं घातलं आणि मोठ्याने वाचू लागला.

“अकरा एप्रिल. दोन वाजता वारा दक्षिणेचा. चारला एकाएकी पश्चिमेचा. प्रुइटच्या कुंपणाशी ऑर्विल...”

डोकं बराच वेळ मागेच राहिलं. मिसेस हॅच यांनी घड्याळ पाहिलं.

डेल पुढे आला आणि वाकून उजवा कोपरा न्याहाळू लागला. तिथे कुंपणाच्या खांबांपाशी, नखाएवढा, एक माणूस ओल्या पोत्याने आग बडवत होता. एकटाच.

“मी त्या दिवशी गावात होतो,” डेल कुणाकडेच न बघता म्हणाला. “हे मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगितलं होतं,” ऑर्विल म्हणाला. “दोनदा. तू दार लावून घेतलंस.”

डेलने टोपी काढली, आतली पट्टी तपासली, पुन्हा घातली.

“मिसेस हॅच, लिहा. प्रुइट, होकार.”

“पण मिस्टर प्रुइट, ते काळं—”

“काळंच असतं, बाई. तुम्ही कधी जाळलंय का?”

मग त्याने चित्राची चौकट एका बाजूने धरली. दुसरी बाजू तशीच राहिली.

“ऑर्विल, बघत काय बसलास? ते टोक धर.”

वार्नहोल्ट मास्तरांनी चष्मा पुसला. डावी बाजू बोटभर वर गेली आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. खिळा कुणी ठोकायचा यावरून दोघांची अशी जुंपली होती की मास्तरांचं कुणी ऐकलंच नाही.