कोऱ्या पानावर सही

शाळेच्या व्यवस्थापन समितीत एक जुनी वहिवाट होती. सभा सुरू व्हायच्या आधीच नोंदवहीच्या कोऱ्या पानावर तळाशी सगळ्यांनी सह्या ठोकायच्या. कुणाला दुकान उघडायचं असे, कुणाला बस गाठायची असे. शेवटी सह्यांसाठी थांबायला सवड कुणाला? काय ठरलं ते अध्यक्ष सावकाश वर लिहीत. आठ वर्षांत या सोयीनं कुणाचं काही वाकडं झालं नव्हतं, त्यामुळे तिच्यातला धोका कुणाच्या डोक्यातच शिरला नव्हता. शहाण्या माणसांच्या समित्या अशाच चालतात.

टेलरबाईंनीही त्या दुपारी आल्या आल्या सही केली. पालकांच्या प्रतिनिधी म्हणून त्या दोन वर्षं समितीत होत्या. गणवेशाचं कापड सोडलं तर दुसऱ्या कुठल्याही विषयावर त्यांनी तिथं तोंड उघडलं नव्हतं.

अध्यक्षांनी चष्मा चढवला. त्यांचा छापखाना होता आणि आपण बोललो म्हणजे छापून आलं, अशीच त्यांची समजूत असे.

"विषय एकच. सहावीतली ती मुलगी. गेल्या आठवड्यात फिट येऊन जिन्यात पडली. डोक्याला तीन टाके पडले. उद्या काही बरंवाईट झालं तर कोण निस्तरणार? आपणच. तेव्हा अशी मुलं आपल्या शाळेत ठेवू नयेत, वेगळ्या शाळेत पाठवावीत, असा ठराव मी मांडतो."

टेलरबाईंनी मान वर केली. अध्यक्ष एका मुलीबद्दल बोलत नव्हते. अशी मुलं, म्हणाले होते.

त्यांची स्वतःची लेक याच शाळेत नववीत होती. तिला चौथीत असल्यापासून फिट येत. घराबाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं. गोळ्या टेलरबाई लांबच्या दुकानातून आणत, आणि प्रवेशाच्या अर्जावर 'काही आजार?' या प्रश्नापुढे त्यांनीच 'नाही' लिहिलं होतं. दीड वर्षात घरी एकदाही फिट आली नव्हती. तरी मशीनवर बसल्या बसल्या फोन वाजला की त्या जीव मुठीत धरूनच तो उचलत.

"मुलीची आई बाहेर बाकावर बसलीय," समितीतले बेकरीवाले म्हणाले. "तिला आत बोलवायचं का?"

"कशाला? उगाच रडारड." अध्यक्ष मोठ्या बाईंकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "वर्गशिक्षिका घाबरल्यात. आणि खरं सांगू? त्या दिवशी मीसुद्धा जिन्यात नुसती उभी राहिले होते."

"झालं तर मग. हरकत कुणाची? नाही ना? मंजूर."

अध्यक्ष लिहू लागले. एकेक ओळ सह्यांच्या दिशेनं खाली सरकत होती आणि टेलरबाई तळाच्या आपल्या सहीकडे बघत होत्या. बोलावं तर लेकीचं नाव बाहेर येणार, खोटा अर्ज उघडा पडणार, शेवटच्या वर्षाच्या तोंडावर तिला शाळा सोडावी लागणार. गप्प बसावं तर आपल्याच लेकीला घालवायच्या ठरावाखाली आपलीच सही. इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंही होतं. तेवढ्यात दाराच्या फटीतून बाहेरची ती आई दिसली. बाई मांडीवरच्या पिशवीचा बंद नुसता बोटाला गुंडाळत होती.

"थांबा," टेलरबाई म्हणाल्या. "माझी सही त्याखाली नको."

"अहो, सही तर झालीय."

"मग खोडते." त्यांनी वही ओढली. कात्री धरून घट्टे पडलेल्या हातानं सहीवर एकापाठोपाठ तीन रेघा ओढल्या. "माझ्या मुलीलाही फिट येतात. नववीत आहे. आधी तिला काढा, मग लिहा पुढचं."

"वक्तृत्वात पहिली आली ती?" बेकरीवाल्यांनी हळूच विचारलं.

"तीच."

"अर्जात लिहिलं नाहीत तुम्ही," अध्यक्ष म्हणाले.

"लिहिलं असतं तर घेतलं असतंत तिला?"

"नसतं घेतलं," मोठ्या बाई म्हणाल्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं, पण बाई आता थांबणार नव्हत्या. "फिट आल्यावर करायचं काय, ते मला आजवर कुणी शिकवलं नाही. तुम्ही सांगा."

टेलरबाईंनी सांगितलं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटं उलटली तर दवाखाना. बेकरीवाल्यांनी ते दोनदा विचारून कागदावर उतरवून घेतलं. मग हात वर झाले, पाच विरुद्ध दोन. सहावीतली मुलगी राहणार, सगळ्या शिक्षकांना डॉक्टरांकडून शिकवून घ्यायचं. एकच अट होती: टेलरबाईंच्या लेकीचं नाव उद्यापासून शाळेच्या नोंदीत हवं.

म्हणजे आज लेकीला सांगायला हवं होतं. कुणाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ तिनंच आईला घातली होती. शाळा सुटल्यावर टेलरबाईंनी तिला फाटकापाशी गाठलं आणि दोघी चालू लागल्या.

"मी सांगून टाकलं," त्या म्हणाल्या. "तुझं. समितीसमोर."

लेक थबकली. मग तिनं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "वर्गाला माहीतच आहे, आई. आठवीपासून. दोघीजणी बाकं सरकवतात, एकजण घड्याळ बघतो. ठरलेलं आहे आमचं."

"म्हणजे शाळेत आली होती?"

"चारदा."

चार वेळा ही फरशीवर पडली होती आणि आपण मशीन चालवत बसलो होतो. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू मला शाळेतून काढलं असतंस."

टेलरबाईंनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण ते काही त्यांच्याच्यानं म्हणवेना.