काळ्या गोळ्यांची बरणी

त्या रविवारी बाबा स्वयंपाकघरात पपनस सोलत बसले होते. रेडिओवरचा लाडीगोडीचा आवाज "माझ्या आयांनो, माझ्या बाबांनो" करत गुडघ्यांच्या गोळ्या विकत होता. त्या आवाजाची मला किळस यायची. त्याहून जास्त बाबांनी त्याच्याकडून मागवलेल्या काळ्या गोळ्यांच्या बरणीची. कुजक्या मुळ्यांसारखा वास, तळाशी चिकट काळा थर आणि त्यात रोज बुडणारी बाबांची बोटं.

"हे गुडघे बघ," बाबा ताडकन उठले. "तीन वर्षांत एकदा तरी कण्हलो?"

"तोंड बघा आरशात. फुग्यासारखं झालंय."

"बाळसं आहे ते, मास्तरीणबाई! पुस्तकं वाचून येत नाही."

संध्याकाळी तैवानमधल्या आमच्या ताइनान शहरातल्या गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. शेजारणी पिशव्या घेऊन धावल्या. मी ती बरणी दोन बोटांत धरून नेली आणि गाडीच्या जबड्यात फेकली. घरी येऊन हात दोनदा धुतले. कॅलेंडरवर बाबांनी लिहून ठेवलेला रेडिओवाल्याचा नंबरही फाडून टाकला.

"हुकूमशहा," बाबा म्हणाले आणि पपनसाची फोड माझ्यापुढे सरकवली. मी ती खाल्ली नाही. त्यांची बोटं आठवली.

चौथ्या दिवशी बाबांना ताप आणि ओकाऱ्या. पाचव्या दिवशी अतिदक्षता विभाग.

भेटीला अर्धा तास मिळायचा. डॉक्टर शेन माझा जुना विद्यार्थी. त्याच्याबरोबर फांगबाई असायची, त्या विभागाची फार्मासिस्ट. एका औषधाचा डोस तिने माझ्यादेखत कमी करायला लावला. "यांच्या मूत्रपिंडांना झेपायचा नाही." शेनने मुकाट्याने आकडा बदलला.

मग ती माझ्याकडे वळली. "एवढी औषधं चालू आहेत, तरी रक्तदाब वर येत नाही. चेहरा गोल आहे, कातडी कागदासारखी. घरी काही घेत होते का? काढे, पूड, रेडिओवरच्या गोळ्या? लाजू नका, माझे सासरेही घ्यायचे."

शेन वही मिटून माझ्याकडे बघत होता. शाळेत बघायचा तसाच, आदराने.

"आमच्या घरात असलं काही चालत नाही," मी म्हणाले.

तिने पारदर्शक पिशवी दिली. "तरी शोधा. सापडेल ते यात घालून आणा."

सकाळी मी त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटं नेली.

"एवढंच?"

"एवढंच."

अतिदक्षता विभागातल्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नुसत्या अंदाजावर स्टेरॉइड सुरू केलं. उशीर झाला होता. दुपारी बाबा गेले.

सातव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर मी वाचायला बसले. वाचता मला येतं. असल्या गोळ्यांत चोरून स्टेरॉइड मिसळतात. वर्षानुवर्षं घेऊन एकदम थांबवलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवू शकत नाही. मग जीव जायला साधा तापही पुरतो. मी पुस्तक मिटलं आणि हात धुतले. पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी फांगबाई औषधांच्या खिडकीत बसली होती.

"बाई, तुम्ही? काही कागद राहिलेत का?"

तिनेच दिलेली ती पारदर्शक पिशवी मी रिकामीच तिच्यापुढे ठेवली.

"त्या गोळ्या बाबा तीन वर्षं घेत होते. मीच त्या कचऱ्यात टाकल्या. तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मला माहीत होतं. मला बाबांची लाज वाटत होती."